कातडी मागे जात नाही म्हणून

शाळेत आरोग्य तपासणी झाली की दोन-चार मुलांच्या हाती चिठ्ठी येते. कुणाचे दात किडलेले, कुणाला चष्मा लागणार, आणि एखाद्या चिठ्ठीवर ‘फायमोसिस’ असा शब्द, म्हणजे इंद्रियाची पुढची कातडी मागे न जाणं. खाली सल्ला, सर्जनला दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची ही पथकं २०१३ पासून फिरताहेत. त्या कार्यक्रमाचा आरंभच आपल्या पालघरात झाला होता. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा ती येतात. कोकणातल्या गुहागर तालुक्यातून मुलांचा सर्जन गाठायचा म्हणजे निदान चिपळूणचा रस्ता धरावा लागतो. अशा ठिकाणी ही तपासणी मोलाची आहे, यात शंका नाही.

पण ‘फायमोसिस’ची चिठ्ठी घरी पोचली की दोहोंतलं एक होतं. कुणाला तरी विचारल्यावर कळतं की याचं ऑपरेशन म्हणजे सुंताच. मग हिंदू घरात आजी म्हणते, “आपल्यात कधी केलंय का असलं?” आणि चिठ्ठी देव्हाऱ्यामागे जाते. किंवा उलट, मुंबईचा काका म्हणतो, “मे महिन्यात इकडे घेऊन ये, करूनच टाकू.” मूल पाच वर्षांचं, त्याला लघवीला काही त्रास नाही, कधी ताप नाही, फक्त कातडी मागे जात नाही. एवढ्या एका कारणावरून त्याला टेबलावर झोपवतात. मुस्लिम घरांत सुंता व्हायचीच असते, त्यामुळे तिथे हा प्रश्न वेगळ्या रूपात येतो. त्याबद्दल पुढे सांगतो.

या लेखात मला मुख्यतः एकच गोष्ट सांगायची आहे. कातडी घट्ट आहे का, हा प्रश्न विचारू नका. कातडीवर व्रण धरला आहे का, हे विचारा. घट्ट कातडी लहान मुलाची असतेच. व्रण धरलेली कातडी आजारी असते, आणि तिच्यासाठी मात्र लाजेपायी वर्ष घालवणं महागात पडतं.

मुलगा जन्मतो तेव्हा पुढची कातडी आतल्या बोंडाला जवळजवळ चिकटलेली असते. दोन्हींमधला थर एकच असतो आणि तो हळूहळू, आपल्या गतीने सुटत जातो. १९४९ साली केंब्रिजच्या डग्लस गेर्डनर नावाच्या बालरोगतज्ज्ञाने हे पहिल्यांदा नीट मोजून लिहिलं. नवजात मुलांपैकी शंभरात जेमतेम चारांची कातडी पूर्ण मागे जाते, वर्षाच्या मुलांत निम्म्यांची, तीन वर्षांच्या मुलांत नव्वदांची. त्या काळी इंग्लंडमध्ये धर्माचा काही संबंध नसताना सर्रास सुंता होत असे, आणि तिच्यापायी दरवर्षी पंधराएक लहान मुलं दगावत होती, हेही त्यानेच दाखवून दिलं. पुढे तिथली ही टूम ओसरली.

गेर्डनरचे आकडे मात्र थोडे आशावादी निघाले. आजही कित्येक डॉक्टर ‘तीन वर्षांपर्यंत वाट पाहा’ म्हणतात, ते त्याच आकड्यांवर विसंबून. डेन्मार्कच्या याकोब ऑस्टरने शाळकरी मुलं वर्षानुवर्षं तपासली आणि १९६८ मध्ये निष्कर्ष छापले. सहा-सात वर्षांच्या मुलांत निम्म्याहून अधिकांची कातडी कुठे ना कुठे चिकटलेली होती. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांत ती शंभरात तिघांचीच राहिली. घट्टपणाचंही तेच: सहा-सात वर्षांच्या मुलांत शंभरात आठ, सोळा-सतराव्या वर्षी एक. ही मुलं मोठी झाली, एवढाच त्यांच्यावरचा उपचार. तेव्हा दुसरीतल्या मुलाची कातडी अर्धीच मागे जात असेल तर त्यात आजार नाही. सातवीतल्याची जात नसेल, पण ती मऊ असेल आणि त्याला त्रास नसेल, तरीही घाई नाही.

आंघोळ घालताना

आता जरा न्हाणीघरात येऊ. कोकणात बाळाला न्हाऊ घालणारी बाई, आजी किंवा आत्या तेल लावून रोज ती कातडी थोडी थोडी मागे ओढते. ‘नाहीतर पुढे त्रास होतो’ असं ती सांगते. क्वचित डॉक्टरही सांगतात, ‘रोज ओढत जा.’ हेतू चांगला आहे, परिणाम वाईट. चिकटलेली कातडी जोराने ओढली की बारीक फाटते. बाळ कळवळतं, रक्ताचा ठिपका दिसतो, फाटलेली जागा भरून येते आणि भरताना आवळते. पुन्हा ओढलं की पुन्हा फाटते. जी कातडी दोन-चार वर्षांत आपणहून सैल झाली असती, तिच्यावर अशा रीतीने खरा व्रण तयार होतो. ज्या आजाराच्या भीतीने ओढलं, तोच आजार ओढण्याने येतो. म्हणून घरातल्या मोठ्यांना आदराने पण ठामपणे सांगा: वरून पाणी घाला, साबण वरूनच लावा, मागे ओढू नका. मालिश अंगाला करा, इथे नको.

मूल मोठं होऊन कातडी आपणहून मागे जाऊ लागली, की ते काम त्याचं त्याला शिकवा. आंघोळीच्या वेळी, दुखणार नाही इतकीच मागे घ्यायची, नुसत्या पाण्याने धुवायची आणि परत पुढे आणायची. ही शेवटची पायरी विसरली तर काय होतं ते पुढे सांगतो. गुहागर, वेळणेश्वर, हेदवीच्या किनाऱ्यावर दिवसभर खेळून आलेल्या मुलाच्या कातडीत वाळू अडकते, खाज सुटते, लाली येते. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुतलं की बहुतेक वेळा एवढं पुरतं.

दोन गोष्टी आईवडिलांना हमखास घाबरवतात. पहिली, कातडीखाली दिसणारी पांढरी-पिवळसर गोळी. मोत्यासारखी दिसते, गाठ वाटते, कुणी तिला पू समजतो. ती सुटत चाललेल्या थराच्या मेलेल्या पेशींची असते. दुखत नाही, वाट मिळाली की आपणहून बाहेर पडते, पिळून काढायची नाही. दुसरी, लघवी करताना कातडी फुग्यासारखी फुगणं. थर सुटू लागला, तोंड मात्र अजून अरुंद आहे, म्हणून आत लघवी क्षणभर साठते. मूल रडत नसेल आणि फुगा नंतर लगेच रिकामा होत असेल, तर एवढ्यावरून ऑपरेशन करू नये.

इथे एक अपवाद आहे आणि तो पक्का लक्षात ठेवा. तान्ह्या मुलाची लघवी धारेने न येता थेंबथेंब ठिबकत असेल, तो कुंथत असेल, पोट खालच्या बाजूला फुगलेलं लागत असेल, तर दोष बहुधा कातडीत नसतो. मूत्रमार्गात आत पडदे असण्याची शक्यता असते. त्यांना ‘पोस्टेरिअर युरेथ्रल व्हॉल्व्ह’ म्हणतात आणि ते मूत्रपिंडं खराब करतात. अशा बाळाला ‘कातडी घट्ट आहे, मोठा झाला की सुटेल’ म्हणून घरी ठेवणं घातक आहे. गरोदरपणातल्या सोनोग्राफीत बाळाच्या किडनीला सूज लिहिलेली असेल, तर ती फाईल जपून ठेवा आणि बाळ जन्मल्याबरोबर डॉक्टरांपुढे ठेवा.

खरा आजार कोणता

कातडीच्या टोकाशी पांढरं, चिवट, चामड्यासारखं कडं दिसतं. हळुवार मागे घेऊ गेलं तर निरोगी कातडी फुलाच्या कळीसारखी उमलते, आतला गुलाबी भाग दिसतो. आजारी कातडी मात्र निमुळती, ताठ राहते. तिला चिरा पडतात, चिरांतून रक्त येतं. मूल लघवीला घाबरतं. पूर्वी ज्याची कातडी मागे जात होती, त्याची जायची थांबते. हा ‘बालानायटिस झेरोटिका ऑब्लिटेरन्स’, डॉक्टरांच्या तोंडी बीएक्सओ. त्वचेच्या ‘लायकेन स्क्लेरोसस’ नावाच्या आजाराचंच हे रूप. पाच वर्षांच्या आत तो फार क्वचित दिसतो, नऊ ते अकरा या वयात सर्वांत जास्त. लिव्हरपूलच्या सर्जनांनी १९९९ मध्ये मोजलं, तेव्हा पंधराव्या वाढदिवसापर्यंत खरी आजारी कातडी हजारात सहा मुलांचीच निघाली. शंभरात एकही नाही. शाळेतल्या चिठ्ठ्या याच्या कितीतरी पट असतात. चिठ्ठी आणि ऑपरेशन यांच्या मध्ये अनुभवी डॉक्टरची नजर का हवी, ते यावरून कळेल.

बीएक्सओ असेल तर मात्र सुंता हाच उपाय आहे, आणि पूर्ण सुंता. अर्धी कातडी ठेवली तर उरलेल्या भागात आजार परत येऊ शकतो. दुर्लक्ष केलं तर तो कातडीवर थांबत नाही. बोंडावर आणि लघवीच्या छिद्रावर सरकतो, छिद्र आवळतं, मग आणखी एक शस्त्रक्रिया लागते. ज्या घरात ‘आपल्यात करत नाहीत’ म्हणून चिठ्ठी दडवली जाते, तिथल्या मुलाचं यात नुकसान होतं. मुलाचं अपेंडिक्स काढताना कुणी धर्म विचारत नाही. ही कातडी त्याच हिशेबात धरावी.

व्रण आहे पण सौम्य, किंवा मूल मोठं झालंय, कातडी अजून अरुंद आहे आणि त्रास होऊ लागलाय, अशा मुलांसाठी आधी मलम. बेटामेथासोन ०.०५ किंवा ०.१ टक्क्याचं स्टिरॉइड मलम डॉक्टर लिहून देतात. दिवसातून दोनदा, चार ते आठ आठवडे. मलम वर कुठेतरी फासायचं नाही. कातडी दुखणार नाही इतपत मागे घेऊन जिथे ती आवळलेली दिसते त्या कड्यावर वाटाण्याहून कमी लावायचं आणि हलकेच जिरवायचं. दुसऱ्या आठवड्यापासून रोज थोडी सैल होत जाते. पाच मुलांपैकी सुमारे चार जणांचं ऑपरेशन यातून टळतं. जे अपयश दिसतं ते बहुतेक वेळा नेमाने न लावल्याचं असतं. शिमग्याला आठवडाभर राहिलं, मग परीक्षा आली, मग ट्यूबच सापडेना. म्हणून आठ आठवडे सलग मिळतील असा काळ निवडून सुरू करा. ऑपरेशनची तारीख ठरली असेल आणि मलम कधीच दिलं नसेल, तर ‘आधी मलम चालेल का?’ असं सर्जनना सरळ विचारा. चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही.

औषधाच्या दुकानात नायट्यावर म्हणून मिळणारी तिहेरी मलमं, ज्यांत जबर स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र असतं, ती इथे लावू नका. चिठ्ठीवरचं नाव आणि ट्यूबवरचं नाव अक्षरशः पडताळून पाहा.

वारंवार होणारी जळजळ हे सुंतेचा विचार करायचं तिसरं कारण. कातडी लाल, सुजलेली, पिवळा स्राव, लघवीला आग. एकदा झालं तर कोमट पाण्यात बसवणं, स्वच्छता, लागलंच तर औषध, यांनी ते बरं होतं. एकदा झालं म्हणून सुंता करू नये. पुन्हा पुन्हा होत असेल आणि मलमाने थांबत नसेल तर विचार करावा. आणि मुलगा रात्री सारखा लघवीला उठतोय, पाणी फार पितोय, वजन घटतंय, त्यात ही जळजळ परत परत होतेय, तर आधी त्याच दिवशी रक्तातली साखर तपासा. लहान मुलांचा मधुमेह कधी कधी असाच पहिल्यांदा समोर येतो.

चौथं कारण लघवीच्या जंतुसंसर्गाचं, आणि इथे आकडे डोळ्यांसमोर असलेले बरे. निरोगी मुलाला असा संसर्ग होण्याची शक्यता मुळात शंभरात एक. २००५ साली सगळे अभ्यास एकत्र करून हिशेब मांडला गेला. एक संसर्ग टाळण्यासाठी १११ निरोगी मुलांची सुंता करावी लागेल. ज्याला आधीच वारंवार संसर्ग होतो, अशा ११ जणांची. मूत्राशयातून लघवी उलटी किडनीकडे जाते, म्हणजे तीव्र ‘रिफ्लक्स’ आहे, अशा फक्त चौघांची. एकच शस्त्रक्रिया, पण एकासाठी ती उगाच आणि दुसऱ्यासाठी किडनी वाचवणारी. मूत्रमार्गात पडदे असलेल्या बाळांनाही तिचा फायदा होतो. म्हणून डॉक्टरांनी ‘इन्फेक्शन होऊ नये म्हणून करू’ म्हटलं तर विचारा: याला आतापर्यंत किती वेळा झालं, लघवीचं कल्चर केलं होतं का, सोनोग्राफीत काय आलं? वर्षाच्या आतल्या मुलाला सर्दी-खोकला नसताना ताप आला तर लघवी तपासून घ्या. कातडी काढण्यापेक्षा ही सवय जास्त मुलं वाचवते.

मोठेपणी एड्स टळतो म्हणून लहानपणी करावी, असंही कुणी सांगतं. आफ्रिकेत, दक्षिण आफ्रिका, केनिया आणि युगांडात, मोठ्या पुरुषांवर प्रयोग झाले. स्त्रीकडून पुरुषाला होणारी लागण त्यात साठ टक्क्यांच्या आसपास घटली आणि २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जिथे साथ फार पसरलेली आहे त्या देशांना ती सुचवली. आपल्या पाचवीतल्या मुलाच्या ऑपरेशनला हे कारण पुरत नाही.

अडकलेली कातडी: ही घाईची वेळ

मघाशी म्हटलं, मागे घेतलेली कातडी पुढे आणायला विसरलं तर. कधी मूल खेळताना, कधी आंघोळीत, कधी दवाखान्यात तपासताना ती मागे घेतली जाते आणि तशीच राहते. बोंडाच्या मागे ती रबरबँडसारखी आवळते, पुढचा भाग सुजतो, मूल किंचाळतं. हिला ‘पॅराफायमोसिस’ म्हणतात. इथे तास मोजायचे असतात. ओल्या फडक्यात बर्फ गुंडाळून धरा, मग मुठीत सुजलेला भाग हलक्या पण सततच्या दाबाने पाच-दहा मिनिटं धरून ठेवा, सूज उतरू द्या. मग दोन्ही अंगठ्यांनी बोंड आत ढकलत बोटांनी कातडी पुढे ओढा. जमलं नाही तर वाट न पाहता निघा. यासाठी रातोरात मुंबई गाठायची गरज नसते. गुहागरचं ग्रामीण रुग्णालय किंवा जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र, तिथले डॉक्टर ती बसवू शकतात. वाहन नसेल तर १०८. एकदा अडकली म्हणून नंतर सुंता करावीच लागते, असंही नाही. कातडीवर व्रण नसेल तर सहसा लागत नाही.

सुंता करू नये अशी मुलं

आता मुस्लिम घरांसाठी, आणि खरं तर सगळ्यांसाठीच. अंजनवेल, वेलदूर, पालशेतपासून शृंगारतळीपर्यंत तालुक्यात मुसलमान वस्ती जुनी आहे. तिथे सुंता होणार, हे ठरलेलंच असतं. तारीख काढण्यापूर्वी एक गोष्ट करा: मुलाचं लघवीचं छिद्र कुठे आहे ते डॉक्टरांकडून पाहून घ्या. काही मुलांत ते टोकाला नसून खालच्या बाजूला असतं. याला ‘हायपोस्पेडियास’ म्हणतात. अशा मुलाची कातडी खालून अपुरी आणि वरून पदरासारखी असते. दिसायला जन्मतःच सुंता झाल्यासारखी वाटते, घरचे आनंदतात, किंवा ‘उरलेली तेवढी काढून टाका’ म्हणतात. ती उरलेली कातडीच पुढे सर्जनला छिद्र जागेवर आणण्यासाठी लागते. एकदा कापून फेकली की परत आणता येत नाही. इंद्रिय वाकडं असेल, चरबीत बुडालेलं असेल, अंडकोषाच्या कातडीला जोडलेलं असेल, तरीही आधी मुलांचा सर्जन.

दुसरा धोका रक्ताचा. हिमोफिलिया असलेल्या मुलाला बाहेरून पाहून काही कळत नाही. हा दोष आईकडून मुलाला येतो, म्हणून चौकशी आईच्या माहेरी करायची. मामाला, मावसभावाला दात काढल्यावर, पडल्यावर रक्त थांबेना असं झालं होतं का? हे कोकणातल्या लोकांना नवं नाही. रायगडच्या किनाऱ्यावर शनिवारी घाणा बंद ठेवणारे बेने इस्राएल, आपले शनिवार तेली, शतकानुशतकं मराठी बोलत आठव्या दिवसाची सुंता पाळत आले. त्यांच्या यहुदी परंपरेतल्या तालमूद या ग्रंथात फार जुना नियम आहे. एका आईची दोन मुलं सुंतेनंतर दगावली असतील, तर तिसऱ्याची करू नये. आठव्या दिवसाचा विधी एवढा कडक असूनही जिवापुढे त्याला मुरड घातली गेली. रक्ताचा आजार ओळखणारी ही जगातल्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी एक. आज तपासण्या आहेत, म्हणून नुसतं थांबावं लागत नाही. रक्त गोठवणारा घटक देऊन शस्त्रक्रिया करता येते, पण ती मोठ्या रुग्णालयातच. तान्ह्या बाळाची करायची असेल तर जन्मल्यावर ‘के’ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन मिळालं होतं का, ते कार्डावर पाहा.

घरी करून घेण्याची जुनी रीत अजून आहे. जाणकार हातांनी पिढ्यान् पिढ्या केलं, हे खरं. पण भूल नाही, निर्जंतुक हत्यारांची खात्री नाही आणि रक्त थांबलं नाही तर पुढचा रस्ता रात्रीचा, घाटवळणांचा. विधी घरी करा, जेवणावळ घरी करा, कापणं दवाखान्यात. यावरून मी हटणार नाही.

कुठे, केव्हा, कसं

गरज पक्की झाली तर गुहागरकराला तीन वाटा. सावर्डेजवळ डेरवणचं वालावलकर रुग्णालय, रत्नागिरीचं जिल्हा रुग्णालय, आणि मुंबईला नातेवाईक असतील तर परळचं वाडिया. मुलांसाठीचं ते रुग्णालय १९२९ पासून चालू आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. इतर ठिकाणी सरकारी आरोग्य योजनेत बसतं का, हे तिथल्या आरोग्यमित्राला आधी विचारा. बीएक्सओ किंवा हायपोस्पेडियासचा संशय असेल तर साध्या सर्जनऐवजी मुलांच्या सर्जनकडे जाणं त्या जास्तीच्या किलोमीटरच्या मोलाचं आहे.

विचारायच्या गोष्टी थोड्या. भूल कोण देणार? काढलेली कातडी तपासणीला पाठवणार ना? (बीएक्सओची खात्री तिथेच होते.) रक्त थांबवायला कोणतं यंत्र? एकध्रुवी विद्युत यंत्राने इंद्रियावर काम करणं धोक्याचं असतं, प्रवाह सगळ्या अवयवातून जातो. १९६६ साली कॅनडात विनिपेगमध्ये रायमर घराण्यातल्या जुळ्या बाळांना ‘फायमोसिस’ म्हणून ऑपरेशनला नेलं. त्यातल्या एकाचं, पुढे डेव्हिड रायमर नावाने जगाला कळलेल्या मुलाचं इंद्रिय विद्युत यंत्राने जळालं आणि त्याचं आयुष्य उद्ध्वस्त झालं. घाबरून दुसऱ्या जुळ्याचं ऑपरेशन रद्द केलं गेलं. त्याचा फायमोसिस पुढे आपोआप बरा झाला. असे अपघात विरळा आहेत. शिकलेल्या हातांत, स्वच्छ जागी ही शस्त्रक्रिया सुरक्षित असते. रक्तस्राव, संसर्ग, छिद्र आवळणं हे त्रास थोड्यांनाच होतात. पण तो दुसरा जुळा भाऊ मला नेहमी आठवतो.

पावसाळ्यात करू नये असा काही वैद्यकीय नियम नाही. पण रस्ते आणि ओले कपडे लक्षात घेता मे महिना किंवा दिवाळीची सुट्टी सोयीची. गणपतीत नको, घर पाहुण्यांनी भरलेलं असतं आणि मुलाला कोपरा मिळत नाही. भुलेआधी पोट रिकामं हवं: जेवण आणि दूध सहा तास आधी बंद, अंगावरचं दूध चार तास, पाणी दोन तास. पहाटे गुहागरहून निघताना गाडीत आजी ‘उपाशी कसा नेणार’ म्हणून बिस्किट देते आणि ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर जातं. आजीला आधीच सांगून ठेवा.

मुलालाही सांगा, आणि खरं सांगा. आठ-दहा वर्षांच्या मुलाला ‘नुसतं तपासायला जातोय’ म्हणून नेलं तर तो ते विसरत नाही. काय काढणार, का, झोपेत असताना काढणार, नंतर दोन-चार दिवस दुखेल, त्याची ती जागा तिथेच राहील. हे शेवटचं वाक्य मोठ्याने सांगायला हवं, कारण मुलांच्या डोक्यात भलतीच भीती असते. चुलत-मामे भावंडांत त्याचा बोभाटा करू नका.

घरी आल्यावर पहिले दोन दिवस सुजेल. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बोंडावर पिवळसर चिकट साय धरते. पू समजून ती पुसू नका, ते भरून येणं आहे. कपड्याला चिकटू नये म्हणून पेट्रोलियम जेली भरपूर लावा, सैल चड्डी किंवा लुंगी नेसवा. लघवीला आग होत असेल तर कोमट पाण्याच्या टबात बसून करू द्या, पाणी भरपूर प्यायला द्या. दुखण्यावर पॅरासिटामॉल, वजनाप्रमाणे, डॉक्टरांनी लिहिलेलं. हळद, राख, तेल काही नाही. थोडं रक्त आलं तर स्वच्छ फडक्याने दहा मिनिटं न उघडता दाबून धरा. तरीही वाहत राहिलं, किंवा आठ-दहा तास लघवीच झाली नाही, ताप चढला, लाली पोटाकडे पसरू लागली, तर थेट रुग्णालय. शाळा साधारण आठवड्याने, सायकल आणि समुद्र तीन-चार आठवड्यांनी.

टाके आपोआप विरघळतात, म्हणून बरेच जण फेरतपासणीला जातच नाहीत. बीएक्सओच्या मुलाला मात्र सहा महिन्यांनी आणि वर्षाने न्यायलाच हवं. मधल्या काळात घरी एक तपासणी बापाने करायची. महिन्यातून एकदा मुलाला परसात उभं करून लघवीची धार पाहायची. ती सुतासारखी बारीक झाली, वर किंवा बाजूला उडू लागली, लघवीला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागू लागला, तर छिद्र आवळतंय. पुढच्या तारखेची वाट न पाहता सर्जनला फोन करा. जमलं तर धारेचा मोबाइलवर छोटा व्हिडिओ घ्या आणि तो फक्त सर्जनना दाखवा. दवाखान्यात पोचल्यावर मुलाला हटकून लघवी लागत नाही.